सही करके रखना

मी आयुष्यभर माल नाकारण्याचा पगार घेतला. सरकारी खात्यांना लागणाऱ्या बादल्या, कुलुपं, कांबळी, खुर्च्या आमच्याकडे तपासणीला यायच्या आणि त्यांतली खोट मी शोधायची. बादलीत पाणी भरून ती वर्तमानपत्रावर ठेवायची. दुसऱ्या दिवशी कागद ओला दिसला की सगळा लॉट परत. मी पुरवठादाराच्या चहाचा कपसुद्धा उलटा करून तळ बघतो, अशी माझी ख्याती होती. ती खोटी आहे. मी त्यांचा चहाच घ्यायचो नाही.

बाजार खुला झाला तेव्हा खात्यातले लोक म्हणू लागले की आता स्पर्धाच मालाची तपासणी करील, तपासनिसांची गरज नाही. मी अजून वाट पाहतो आहे.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं नोएडातल्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. सोसायटीला इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव आहे. त्याचा उच्चार प्रत्येक रिक्षावाला वेगळा करतो आणि सगळेच बरोबर पोचतात. फाटकाला चार रोमन खांब आहेत. ताबा घेतला त्याच दिवशी मी त्यांच्यावर टिचकी मारून पाहिली. आतून पोकळ. पत्रकात तळं होतं, त्या जागी जनरेटर आहे. हे सगळं मी सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळवलं होतं. त्यामुळे ते मला मान देत आणि मी दिसलो की फोनवर बोलू लागत.

मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला तेव्हा त्याची डोंगरी सायकल बाल्कनीत राहिली. जाड टायर, पुढे झटके शोषणारे दांडे, मागे सात दातेरी चक्रं. नोएडात डोंगर नाही, पण उड्डाणपूल आहेत. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सायकल सांगितली आणि मी ती चालवू लागलो. काही महिन्यांत गिअर मनाला येईल तसा बदलू लागला. चढावर घट्ट, उतारावर मोकळा, म्हणजे बरोबर उलटा. दिल्लीत झंडेवालानच्या सायकल बाजारात गेलो तर एका दुकानदाराने गिअर बदलणारा भाग हातात धरून, माझ्या डोळ्यांकडे न बघता, "ओरिजिनल है" असं तीनदा सांगितलं. एकदा सांगितलं असतं तर मी विचार केला असता.

शेवटी मुलाने फोनवरून एक स्वस्त साइट सांगितली. या भागाला डिरेलर म्हणतात. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा सांधा, त्याच्याखाली दोन छोट्या दातेरी चकत्या. नावाचा अर्थ 'रुळावरून उतरवणारा'. असल्या नावाची वस्तू विश्वासाने घ्या, असं मला सांगण्यात येत होतं. साइटवर त्याच्या शेजारी हिमालयाचा फोटो होता. किंमत खोडून दुसरी लिहिली होती, तीही खोडून तिसरी. खाली खरेदीदारांचे अभिप्राय होते. एकाने पाच तारे देऊन लिहिलं होतं, "उत्तम वस्तू. अजून उघडली नाही." दुसऱ्याने पाच तारे दिले होते कारण डिलिव्हरीवाला नम्र होता. तिसऱ्याने एकच तारा दिला होता. त्याला टोस्टर हवा होता.

"मागवायचं तर मागवा," बायको म्हणाली. "नाहीतर लॅपटॉप मिटा. तीन दिवस तुम्ही त्या हिमालयाकडे बघताय."

मी मागवला.

पार्सल ज्या दिवशी यायचं होतं त्याच दिवशी दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये बायकोच्या भाच्याकडे बारसं होतं. निघायला उशीर झाला. मी बायकोवर चिडलो, बायको लिफ्टवर चिडली, आणि अशा रीतीने मराठीत भांडत आम्ही फाटकाशी आलो. तिथे पन्नाशी उलटलेला, पांढऱ्या मिशांचा गार्ड असे. तो मला रोज सलाम करायचा. तो सलाम मलाच आहे की सायकलला, असा मला संशय होता. मी टॅक्सीत बसता बसता त्याला ओरडून सांगितलं, "पार्सल आएगा, सही करके रख लेना!"

"जी साहब," तो म्हणाला.

संध्याकाळी परत आलो. पार्सल त्याच्या टेबलावर होतं. मी ते तिथे उघडलं नाही. घरी आणलं, जेवणाच्या टेबलावर ठेवलं, फोन बायकोच्या हातात दिला आणि चित्रण सुरू करायला सांगितलं.

"बोलू का मी काही?" तिने विचारलं.

"नको. पंचांनी बोलायचं नसतं."

खोक्याचा एक कोपरा फाटलेला होता आणि त्यावर खाकी टेप होती. कंपनीची टेप पारदर्शक होती. आत डिरेलर. खालच्या चकतीच्या स्क्रूवर पान्याचे ताजे ओरखडे. चकतीच्या कडेला कानशीने घासल्याच्या खुणा. सांध्याला ग्रीस, आणि ग्रीसमध्ये अंगठ्याचा ठसा. नवीन वस्तूला अंगठा नसतो. माझ्या नोकरीत इतका स्पष्ट पुरावा मला क्वचितच मिळाला होता. नवा माल काढून घेतला होता आणि जुना, वापरलेला आत ठेवला होता. फाटकावर जाऊन रजिस्टर पाहिलं तर त्यात पार्सल घेतल्याची सहीसुद्धा नव्हती.

"कंपनीनेच जुना पाठवला असेल," बायको म्हणाली.

"कंपनी खाकी टेप लावत नाही."

"अहो, पण तो माणूस..."

"कुठला माणूस हा प्रश्नच नाही. मालाकडे बघ."

मी सहा मुद्द्यांचा अर्ज लिहिला, फोटो जोडले, खाली सही केली आणि सेक्रेटरींच्या पेटीत टाकला. झोप छान लागली. हे मी मुद्दाम नोंदवतो आहे.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी बोलावलं. त्यांच्या कोटाच्या खिशावर सोसायटीचं बोधचिन्ह भरतकामात होतं. दोन सिंह आणि मध्ये कारंजं. कारंजं प्रत्यक्षात बंद होतं. बायको माझ्याबरोबर आली. का, ते तिने सांगितलं नाही. पण निरीक्षकावरही कोणीतरी निरीक्षक लागतो, असा तिचा जुना समज आहे.

"सर, आपकी कंप्लेंट कमाल की है," सेक्रेटरी म्हणाले. "ऐसी ड्राफ्टिंग आजकल कौन करता है! गार्डवाली एजन्सी को मैंने बता दिया है. आज ही उसका नाम कट जाएगा. आणि फोटो सब सोसायटियों के ग्रुप में डाल देंगे. नोएडा में कहीं नौकरी नहीं मिलेगी. झीरो टॉलरन्स."

मी नोकरीचं काही मागितलं नव्हतं. मी माल बदलून मागितला होता. पण सहा मुद्दे लिहिताना शेवटी काय हवं ते लिहायचं राहून गेलं होतं. ती रिकामी जागा सेक्रेटरींनी भरली.

गार्डला बोलावलं. तो टोपी हातात घेऊन दाराशी उभा राहिला. सेक्रेटरींनी फाटकाच्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. "देखिए. अपने हाथ से खोल रहा है. कॅमेरे के सामने!"

आवाज नव्हता. फाटलेलं खोकं टेबलावर आलं. गार्डने ते उलटसुलट पाहिलं. मग त्याने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, चष्मा लावला, डिरेलर बाहेर काढला आणि चकती बोटाने फिरवली. ती फिरली नाही. त्याने डब्याच्या पिशवीतून पाना काढला, स्क्रू सोडवला आणि बाटलीच्या झाकणात ठेवला. वॉशर काढला, तो स्क्रूशेजारी, त्याच क्रमाने. मग कानस. मधे एक गाडी आली, त्याने उठून फाटक उघडलं, सलाम केला, परत येऊन बसला. चकती पुन्हा लावली, टिचकी मारली. ती बराच वेळ फिरत राहिली आणि तो तिच्याकडे बघत राहिला. मग खोक्याचा फाटका कोपरा खाकी टेपने नीट बंद केला.

मी तीसेक वर्षं चोरट्या पुरवठादारांचे हात पाहिले आहेत. चोर वर्तमानपत्र पसरत नाही. आणि वॉशरचा क्रम तर मुळीच सांभाळत नाही. हे मला कळत होतं. पण तोंड सवयीने पुढे गेलं.

"मैंने क्या बोला था?" मी विचारलं.

"सही करके रखना, साहब."

"तो सही कहाँ है?"

"सही है साहब. बिल्कुल सही है."

"रजिस्टर में तो नहीं है!"

"रजिस्टर में क्यों होगा साहब? डिब्बे में है."

"मैं सही की बात कर रहा हूँ!"

"हम भी वही कर रहे हैं साहब. एक चक्की जाम थी, माल ढंग का नहीं था. घिस के, ग्रीस लगा के सही कर दी. आपने बोला था, इसलिए. नहीं तो हम किसी का डिब्बा क्यों खोलें?"

सेक्रेटरी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होते. बायकोने माझा हात धरला आणि हळू आवाजात मराठीत म्हणाली, "अहो, तुम्ही 'सही' म्हणालात. दस्तखत नाही म्हणालात. मी होते तिथे. यांच्यात सही म्हणजे बरोबर. नीट, दुरुस्त."

मला हे माहीत होतं. दिल्लीत इतकी वर्षं काढली. कार्यालयात 'हस्ताक्षर', 'दस्तख़त' असे शब्द मी रोज वापरले. माझी हिंदी चांगली आहे असं हिंदीभाषक म्हणत आणि मी ते तपासून न घेता स्वीकारलं होतं. त्या सकाळी मराठीत भांडता भांडता घरचा शब्द बाहेर पडला आणि त्या माणसाने तो त्याच्या घरच्या अर्थाने पाळला.

"क्या हुआ?" सेक्रेटरींनी विचारलं.

"ग़लती मेरी है," मी म्हणालो. "कंप्लेंट वापस."

"ऐसे कैसे वापस, सर? एजन्सी को मेल चली गई. कारण लिखना पड़ेगा. कमिटी के सामने रखना पड़ेगा."

गार्डने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. "साहब, लिख देंगे क्या?" तो विचारत होता. त्यात विनंती होती आणि चांगलाच अविश्वासही. मला तो ओळखीचा वाटला. मी लोकांच्या मालाकडे तसाच बघत आलो होतो.

मी तिथेच बसून लिहिलं. नाकारलेला लॉट मी नोकरीत एकदाही परत स्वीकारला नव्हता, म्हणून मजकूर कसा असतो ते माहीत नव्हतं. "तक्रारदाराने दिलेली सूचना तक्रारदाराच्या मातृभाषेत होती, हे तक्रारदाराच्या लक्षात आलं नाही. गार्डने सूचना तंतोतंत पाळली. माल आला त्यापेक्षा चांगल्या स्थितीत मिळाला."

रविवारी क्लब हाउसमध्ये, इटालियन म्हणवणाऱ्या झुंबराखाली, सेक्रेटरींनी तो कागद कमिटीपुढे मोठ्याने वाचला. पंधरा-वीस लोक होते. हसू आवरायचा प्रयत्न फक्त दोघांनी केला. तिसऱ्या टॉवरमधल्या एका तरुणाने हात वर करून विचारलं, "अंकल, यानी आप लोग साइन को सही बोलते हैं? चाहे साइन नक़ली हो?"

"तब खोटी सही बोलते हैं," मी म्हणालो.

"ग़लत सही?" तो म्हणाला, आणि सभा पाच मिनिटं थांबवावी लागली.

गार्डची नोकरी राहिली. पण सेक्रेटरींना रिकाम्या हाताने उठणं जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी चित्रण पुन्हा पाहिलं होतं आणि ग्रीस पंपरूममधलं असल्याचं शोधून काढलं होतं. सोसायटीचं ग्रीस खासगी कामाला वापरल्याबद्दल त्याला मागच्या फाटकावर पाठवण्यात आलं. तिथून फक्त कचऱ्याची गाडी येते. मी त्यालाही लेखी आक्षेप घेतला. सेक्रेटरी म्हणाले, "सर, अब आप रहने दीजिए." तो सल्ला वाईट नव्हता.

डिरेलर मी सायकलला बसवून घेतला. उड्डाणपुलाच्या चढावर गिअर आवाज न करता बदलतो. हे श्रेय साइटचं की कानशीचं, हे माझ्या मते स्पष्ट आहे, पण साइट अजूनही रोज अभिप्राय मागते. मी तारे दिलेले नाहीत. ज्याला द्यायचे, त्याची सोय तिथे नाही.

मी आता मागच्या फाटकाने जातो. पहिल्या दिवशी उतरून माफी मागितली. तो म्हणाला, "कोई बात नहीं साहब. आगे से लिख के दीजिएगा." इथे सोसायट्यांचं सेक्टर व्हायच्या आधी त्याचं तिथेच रस्त्याकडेला सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, हे मला त्या दिवशी कळलं. रस्ता रुंद झाला, दुकान गेलं, गणवेश आला. इतके दिवस तो सलाम सायकलला होता, हा माझा संशय बरोबर निघाला.

पावसाळ्यानंतर चढावर पुन्हा किरकिर सुरू झाली. मला ती तीन दिवस ऐकू आली. त्याला मी फाटकाजवळ पोचायच्या आधीच आली.

"ऊपर वाली चक्की बोल रही है साहब." त्याने खुर्चीखालचं वर्तमानपत्र ओढलं. मग थांबला, मिशीतल्या मिशीत हसला. "सही कर दें? कि दस्तख़त करें?"

मी सायकल स्टँडवर लावली आणि खिशातून ग्रीसची डबी काढून त्याच्यापुढे धरली. नवीन होती, घरूनच आणली होती. तिचं सील मी दुकानातच तपासून घेतलं होतं.