गिरणीचंच असेल

वहिनी गेली त्याला आता सहा आठवडे होतील. फोन आला तेव्हा मी दवाखान्यात माझ्या टेबलाशी बसून एका गृहस्थांचा फॉर्म भरत होते. सदाशिव पेठेत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेली अठरा वर्षं मी पेशंटची नावं लिहून घेते. "कानात आवाज कसा येतो? शिट्टीसारखा, की ठोके पडल्यासारखा?" असं मी त्यांना विचारत होते, आणि तिकडून दादा ओरडत होता, "सुमे, ही पडली गं गिरणीत... बोलत नाहीये." तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. मेंदूत रक्तस्राव. हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, बीपीची गोळी कुठली चालू होती? मी दादाकडे बघितलं, दादानं माझ्याकडे. कुठलीच नव्हती. बासष्ट वर्षांच्या बाईचं बीपी शेवटचं कधी मोजलं होतं, हे आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही.

वहिनी म्हणजे शालिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. पिठाची गिरणी आमच्या वडिलांची. ते थकले तेव्हा दादा कारखान्यातली नोकरी सोडायला तयार होईना, म्हणून ही पदर खोचून उभी राहिली ती पस्तीस वर्षं उभीच. पेठेतल्या निम्म्या घरांच्या भाकऱ्या तिच्या पिठाच्या. जीभ मात्र अस्सल पुणेरी. एक बाई एकदा म्हणाल्या, "पीठ गरमच दिलंत की हो!" वहिनी डबा पुढे सरकवत म्हणाली, "थंड हवं असेल तर समोर आइस्क्रीम मिळतं." त्या बाई चिडून गेल्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या, कारण तसं पीठ दुसरीकडे मिळत नव्हतं.

तिच्या कानातली शिट्टी जुनी. गिरणी बंद केली, घरी येऊन जेवली, तरी बारीक वाजतच राहायची. मी दवाखान्यातून कानात घालायचे मऊ बोळे आणून दिले. दोन दिवस घातले आणि काढून ठेवले. म्हणे, "हे घातले की दगडाचं कळत नाही. दगड नीट दळतोय की नुसता घासतोय, खाचा बुजून टाकी लावायला झाला की नाही, हे मला कानानं कळतं." आता यावर काय बोलणार, कपाळ? मग कोणीतरी सांगितलं म्हणून कोमट तेलात लसूण घालून ते कानात. केसातला आकडा काढून त्यानं मळ कोरणं, म्हणजे मळ आणखी आत. गुडघे दुखायला लागले तसं मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून त्या चण्या-फुटाण्यासारख्या खाणं. अशा गोळ्यांनी कानातला आवाज वाढतो, बीपीही वाढतं, हे मी दवाखान्यात शंभरदा ऐकलेलं. तिला मी सांगितलं, पण रागावून सांगितलं. रागावणं मला फार छान जमतं.

गेल्या दिवाळीच्या आधी मी भाजणी घेऊन गेले होते. गिरणीत ही गर्दी, मशीन घरघरतंय, आणि त्यातच ती माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "अगं, हल्ली वेगळंच वाजतं. उजव्याच कानात. शिट्टी नाही... ठोके पडतात. जिना चढले की भरभर पडतात."

मी तितक्याच जोरात ओरडले, "गिरणीचंच असेल! पस्तीस वर्षं इथे उभी राहिल्यावर दुसरं काय होणार?"

"तसं नाही गं वाटत..." ती म्हणाली. तेवढ्यात कोणाचं तरी दळण संपलं आणि ती वळली.

संक्रांतीला फोनवर पुन्हा म्हणाली, ते वाढलंय. ये मग दवाखान्यात, असं मी म्हटलं. "गिरणी कोण बघेल?" दादा आहे की आता रिटायर होऊन! "ते? भाजणीची वाट लावतील. वन्सं, तुमच्या डॉक्टरांनाच गिरणीत पाठवा." वन्सं म्हणायची ती मला चिडवायचं असलं की. मी हसले आणि फोन ठेवला. हसले, म्हणजे अगदी खळखळून हसले हो!

आमच्या फॉर्मवर काय काय असतं ते मला तोंडपाठ आहे. एका कानात की दोन्ही? कधीपासून? मोठ्या आवाजात काम करता का? कान फुटला होता का, डोक्याला मार लागला होता का? ऐकू कमी येतं का? साखर, बीपी, थायरॉइड? तंबाखू? गोळ्या कुठल्या चालू? आणि शेवटी, आवाज नाडीबरोबर येतो का? या प्रश्नाला कोणी 'हो' म्हटलं की मी लाल पेनानं गोल करते आणि डॉक्टर त्या पेशंटला आधी आत घेतात. कोथरूडहून, हडपसरहून आलेल्या परक्या माणसांना मी हे रोज विचारते. घरच्या माणसाचा फॉर्म मात्र मीच मनात भरून टाकला. कारण : गिरणी. एकदा ते लिहिल्यावर खालचे प्रश्न विचारायची गरज मला वाटली नाही. ती तर न विचारताच उत्तर देत होती, तेही दोन-दोनदा!

आमच्या डॉक्टरांना मी शेवटी विचारलं. ते खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "बीपीमुळे तसा आवाज येऊ शकतो, एखाद्या रक्तवाहिनीमुळे येऊ शकतो. तिचा कशामुळे होता हे आता कोणीच सांगू शकणार नाही. पण इथे आली असती तर बीपी मोजलं असतं." एवढंच. 'तुमची काही चूक नाही' असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी त्यांच्याशीही भांडले असते.

परवा गहू घेऊन गिरणीत गेले. तिच्या जागी दादा उभा होता, मिशांवर पीठ. तिची ओढणी खुंटीवर तशीच आहे, दळताना डोक्याला बांधायची ती, धुवायला काढायचा धीर त्याला झालेला नाही. मी काहीतरी विचारलं, त्यानं "काय?" म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा "काय?" मग तोच ओरडून म्हणाला, "माझ्याही कानात वाजतं गं हल्ली. गिरणीचंच असेल."

वरच्या पेटीत दाणे असताना गिरणी बंद करायची नसते. पुन्हा सुरू करताना दगड अडकतो. हे त्या घरात लहान पोरालाही माहीत आहे आणि वहिनीनं तर मला फाडून खाल्लं असतं. मी सरळ पुढे झाले आणि खटका खाली ओढला. घरघर मंदावली, थांबली. रांगेतले एक आजोबा म्हणाले, "अहो बाई, आमचं दळण अर्धं आहे."

"अर्धंच राहू दे," मी म्हटलं. पिंप पालथं घालून दादाला त्यावर बसवलं. त्याचं मनगट हातात घेतलं, नाडीवर बोटं ठेवली. इतक्या वर्षांत भरदिवसा ती खोली इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती. पाच मिनिटं. वहिनीसाठी मी एवढंच करायला हवं होतं.

"हं, आता सांग," मी दादाला म्हटलं. "कुठल्या कानात?"