आईला दाखवलेला डेंड्राइट

बाबा गेल्यापासून घरात काहीही बिघडलं की आई दोष स्वतःवर घेते. दूध नासलं, मीच लक्ष दिलं नाही. लिफ्ट अडकली, मीच दार जोरात लावलं असेल. त्या दुपारी बाबांच्या छातीत जळजळत होतं. तिने आल्याचा रस दिला, म्हणाली, पडा जरा. ते उठलेच नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाच्या रक्तवाहिनीत बरेच दिवस साचत आलेलं, तुमची काही चूक नाही. आई मान डोलावते, पण पटत काही नाही. कधी कधी इतका राग येतो ना मला तिचा, आणि लगेच त्या रागाचीच लाज वाटते.

मी ठाण्याला एका लॅबमध्ये लिथियम बॅटऱ्यांवर काम करते. आमच्या सेलमध्ये द्रवाऐवजी पॉलिमरचा पातळ पडदा असतो. द्रव पटकन पेट घेतो, म्हणून हा सगळा खटाटोप. पण चार्ज करताना लिथियम सरळ थरात बसेल तर शप्पथ! कुठेतरी उंचवटा धरतं, त्याला बारीक फांद्या फुटतात आणि त्या पडद्यात घुसत जातात. त्यांना डेंड्राइट म्हणतात. एखादी फांदी पलीकडे टेकली की शॉर्ट, सेल मेला. माझा एक सेल मात्र कित्येक महिने टिकलेला. घरी मी त्याचं इतकं कौतुक करायचे की आई म्हणायची, "दृष्ट काढ हो त्याची."

खंडेनवमीला लॅबमध्ये यंत्रांची पूजा असते. आई डोंबिवलीहून झेंडूची फुलं घेऊन आली. बाबा एमआयडीसीत लेथवर होते आणि त्यांच्या लेथला दरवर्षी हळदकुंकू वाहायचा मान तिचा. तिकडचा नियम पक्का, आधी मशीन बंद, मग पूजा. मी पेढे आणायला खाली गेलेले. तेवढ्यात आईने माझा तो सेल लावलेल्या चार्जिंगच्या यंत्राचं बटण बंद केलं आणि शांतपणे कुंकू लावलं.

"अगं आई! काय केलंस हे?"

"चालू मशीनला कुंकू लावतात का? बोट गेलं म्हणजे?"

ह्यात फिरणारं काही नसतं, हे सांगताना हसावं की रडावं कळेना. यंत्र पुन्हा सुरू केलं, सेलही चालला. पण दिवाळीच्या तोंडावर व्होल्टेजची रेघ धपकन खाली आली. शॉर्ट. घरी आले तर आईने चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"मी बंद केलेलं ना, त्यानेच झालं," म्हणाली आणि ताट सारून उठली.

मी म्हटलं, आता बास झालं. सेल उघडला, पडदा आडवा कापून हवा न लागू देता दोन काचांमध्ये बंद केला आणि आईला ठाण्याला घेऊन गेले. मायक्रोस्कोपसमोर बसवलं.

चष्मा कपाळावर सरकवून ती बघत राहिली. "अगंबाई! हे तर मुळासारखं पसरलंय. एवढं कधी वाढलं?"

"पहिल्यापासून. रोज थोडं थोडं. करंट चालू असतो तेव्हाच वाढतं. तू बंद केलंस ना, तेवढा वेळ उलट थांबलं होतं."

"मग तुला आधी कसं नाही कळलं?"

"पलीकडे टेकेपर्यंत कळतच नाही गं. बाहेरून सगळं ठीक दिसतं."

आईने भिंगावरचा डोळा हलवला नाही. तशीच हळूच म्हणाली, "ह्यांचं पण असंच ना? सकाळी तर छान पोहे खाल्ले."

बॅटरी वेगळी, माणूस वेगळा. माझ्या एखाद्या विद्यार्थिनीने अशी तुलना केली असती तर मी तिला झापलं असतं.

"हो आई, असंच. डॉक्टरांनी तेच तर सांगितलेलं."

"त्यांनी दाखवलं नव्हतं गं," ती म्हणाली.

आणि त्या स्टुलावर, लॅबमधल्या सगळ्यांसमोर, माझी आई मोठमोठ्याने रडायला लागली. बाबांना नेलं तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मी तिला जवळ घेतलं आणि पोटभर रडू दिलं.