सत्तर किलोंचे वकीलसाहेब

वजनाबाबत मी आजवर डॉक्टरांशी खोटं बोलले आहे, शिंप्याशी बोलले आहे आणि एकदा जत्रेतल्या पाळणेवाल्याशीही. या तिघांनी ते ऐकून घेतलं आणि आपापल्या परीनं सोडून दिलं. मोटारीनं सोडलं नाही.

मोटार बाबांची. तरुणपणी, वकिली नुकती सुरू झाली असताना, वणीच्या कोळसा खाणीतून बदली होऊन जाणाऱ्या एका इंजिनिअरकडून त्यांनी ती घेतली. दोन दारं, दोन सीटा, वर छप्पर नाही आणि पोट जमिनीपासून चार बोटं वर. एके काळी लाल होती. आता उन्हात विसरलेल्या तिखटासारखी दिसते. यवतमाळात तिला पाहायला माणसं फाटकाशी थांबायची. बाबा तिच्यातून दिग्रसला, पुसदला तारखांना जायचे आणि पक्षकार एसटीनं मागून यायचे.

पण तिचं स्टीअरिंग जड. बाबा ब्याऐंशीचे झाले, उजवा खांदा कामातून गेला, आणि मागच्या दिवाळीत त्यांना ती फाटकातून बाहेर वळवता आली नाही. निम्मी आत, निम्मी रस्त्यावर. मागे दूधवाला हॉर्न वाजवतोय आणि बाबा स्टीअरिंगला लोंबकळल्यासारखे. मी उतरवलं त्यांना. संध्याकाळी म्हणाले, "स्वतःच्या हातानं वळत नसेल तर ठेवायची कशाला?" नागपूरचा एक शौकीन ती वर्षानुवर्षं मागत होता. मी म्हटलं, थांबा, नवे पार्ट घालून बघू. बाबांनी निकाल दिल्यासारखं सांगितलं, "ठीक. काम झाल्यावर मी ती स्वतः चालवत घरी आणीन. आणली तर राहील. नाही तर नागपूर."

माझ्या वयाच्या बाईनं, कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या बाईनं, त्यानंतरचे तीन आठवडे एका गाडीच्या पोटाखाली डोकावण्यात घालवले. यवतमाळात कुणी हात लावेना. शेवटी आर्णीचा एक मिस्त्री मिळाला. पन्नाशीचा, जवळच्या बंजारा तांड्यातला, वणीला पंधरा वर्षं कोळशाच्या ट्रकांचं काम केलेला. आता आर्णीत सोयाबीनच्या एका गोदामाला लागून त्याचं गॅरेज आहे. कोणतीही गाडी आली की तो तिला 'याडी' म्हणतो. त्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. टेम्पोत घालून नेलेली आमची बुटकी गाडी पाहून तो आधी खूप हसला. मग तिच्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "याडी, तुयी उंची कोनं नेली वं?"

पुण्याहून पार्सल आलं: जुन्या स्टीअरिंग बॉक्सच्या जागी बसणारा नवा, हलका रॅक, नवे टाय रॉड, स्प्रिंग वर-खाली करता येणारे शॉकअप, रबरी बुश. कागदावर सगळं दोन दिवसांचं काम. प्रत्यक्षात जुने बोल्ट सुटायलाच चार दिवस लागले. मिस्त्री त्यांना रोज रॉकेल पाजायचा आणि रोज सकाळी नव्यानं शिव्या द्यायचा. नवा रॅक बोटभर लांब निघाला. त्याची पकड कापून पुन्हा जोडली. मी दिवसाआड दुपारची एसटी धरून आर्णीला जायची, स्टुलावर बसून पेपर तपासायची आणि परत यायची. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवर ग्रीसचे ठसे आहेत. ज्यांना ते मिळाले त्यांना मी एकेक गुण वाढवून दिला.

सगळं बसलं तेव्हा मला वाटलं, सुटले. पण मिस्त्रीनं बोल्ट हातानंच लावून ठेवले होते. पाना लावला नव्हता.

"गाडी लटकून असताना बोल्ट आवळला तं रबर पिळूनच राह्यते," तो म्हणाला. "पह्यलं तिच्यात वजन टाकाचं, मंग आवळाचं. मंग शॉकअप लावाचे, मंग चाकं सुताशी धराची. वणीले आमी असंच करत होतो. ज्या वजनानं धावन, त्याच वजनानं लावाची. आता सांगा ताई, कोन बसन?"

"बाबा चालवतील. मी शेजारी."

"वकीलसाहेबाचं वजन?"

"सत्तर," मी म्हणाले. अजिबात न अडखळता. बाबा सत्तर किलोच आहेत. मी शाळेत असताना रेल्वे स्टेशनावरच्या वजनाच्या यंत्रातून तसं तिकीट आलं होतं.

"अन् तुमचं?"

गोदामाच्या काट्याशी तिघं हमाल उभे होते. तिघांचेही कान टवकारलेले.

"अठ्ठावन्न."

मिस्त्रीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. जादा भरलेल्या ट्रकाकडे पाहतात तसं. "अठ्ठावन्न? पक्कं?"

"पक्कं."

"मंग ठीक हाय. वणीले बी कागदावर असंच लिवून राह्यचं."

हमालांनी काट्यावर सोयाबीन मोजून एका सीटवर सत्तर किलो ठेवलं, दुसऱ्यावर अठ्ठावन्न. माझं पोतं फार सुबक दिसत होतं. मिस्त्रीनं त्या वजनावर गाडी लावली, बोल्ट आवळले, सूत ताणून चाकं सरळ केली.

दुसऱ्या दिवशी बाबा माझ्याबरोबर एसटीनं आले. अंगात कोर्टाचा काळा कोट. खांद्यावरून तो इतका ओघळला होता की आत एखादा ज्युनिअरही मावला असता. ते गाडीत बसले, मी शेजारी. गॅरेजमधून बाहेर त्यांनी एका हातानं वळण घेतलं. एका! माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या आणि मिस्त्रीला सलाम ठोकला. मी टाळ्या वाजवल्या. तीन आठवड्यांचा शीण त्या वळणावर उतरला असं वाटलं.

मग सरळ रस्ता लागला आणि गाडी डावीकडे ओढू लागली. आपल्याकडचे रस्ते तसेही डाव्या अंगाला उतरते. त्यात गाडीही तिकडेच झुकलेली. बाबा तिला सारखे उजवीकडे धरून होते. पाच-सहा किलोमीटरवर त्यांनी एका लिंबाखाली गाडी थांबवली. उजवा हात मांडीवर ठेवला.

"होत नाही गं."

"बाबा, गाडी ओढतेय."

"गाडी नाही. माझा हात संपला." ते समोर पाहत होते. "नागपूरला फोन कर."

खरं सांगते, मला बरं वाटलं. क्षणभरच, पण बरं वाटलं. आर्णीची एसटी नाही, ग्रीस नाही, फाटकातली ती अर्धी मोटार नाही. इतकी थकले होते मी. फोन हातात घेतला, नंबरही काढला. पण शेजारी बसल्या बसल्या मला दिसत होतं की माझी बाजू खाली गेली आहे आणि बाबांची वर. उजवीकडचा हा हलका माणूस आपण म्हातारे झालो म्हणून गाडी सोडतोय, आणि गाडी मात्र माझ्यामुळे वाकडी चालतेय.

"बाबा, मी अठ्ठावन्न नाही."

"काय अठ्ठावन्न?"

"किलो. मिस्त्रीला सांगितलं. त्यानं त्या हिशेबानं लावली."

बाबा माझ्याकडे वळले. चाळीस वर्षांत शेकडो साक्षीदार त्यांनी असे पाहिले असतील. "खरं किती?"

"शहात्तर."

"आणि माझं किती सांगितलंस?"

"सत्तर."

"मी सत्तर कधी होतो?"

"मी सातवीत होते तेव्हा."

त्यांनी इंजिन सुरू केलं. मग गाडी हळूच वळवली. आर्णीकडे.

गोदामाच्या काट्यावर आधी मी चढले. हमालांनी आकडा मोठ्यानं वाचला. रस्त्यापलीकडच्या चहावाल्यानंही तो ऐकला. मग बाबा. "कोटासकट," ते म्हणाले, कोर्टाला अर्ज द्यावा तसं. काट्यानं कोटासकट एकोणपन्नास दाखवलं. बाबांनी तो आकडा स्वतः वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. रोज त्यांना जेवायला वाढते मी. मला कसं कळलं नाही?

मिस्त्रीच बोलला. "वकीलसाहेब, तुमचं वजन कुटं गेलं ते दिसून राह्यलं. पोरीनं जमा केलं."

बाबा हसले. मोठ्यानं, खांदा दुखेपर्यंत.

पोती मोजत बसण्यापेक्षा मिस्त्रीनं आम्हालाच गाडीत बसवलं. दीड तास आम्ही दोघं आपापल्या सीटवर आणि तो खाली, सूत नि पाने घेऊन. मी पाय हलवला की खालून आवाज यायचा, "ताई, पोतं हालत नाई!" बाबा समोर पाहत एकदा हळूच म्हणाले, "तुझी आई असती तर तिनंही कमीच सांगितलं असतं." मी म्हटलं, "तिनं तुमचं बरोबर सांगितलं असतं." त्यावर त्यांनी मान डोलावली.

त्या संध्याकाळी बाबांनी गाडी यवतमाळपर्यंत आणली. चाळीसेक किलोमीटर, मध्ये दोनदा थांबून, एकदा चहाला आणि एकदा मी उगाच हट्ट केला म्हणून. गाडी सुतासारखी सरळ. फाटकातून आत वळवताना त्यांनी दोन्ही हात लावले, पण वळवली त्यांनीच. नागपूरचा नंबर मी त्यांच्यासमोर फोनमधून पुसला.

निघताना मिस्त्रीनं बजावलं होतं, "दोगाईतून कोनाचा बी काटा हालला, तं या. मी फिरवून देईन." तेव्हापासून न्हाणीघराबाहेर एक वजनकाटा आहे. दर रविवारी न्याहारीच्या आधी दोघांची हजेरी, बाबांची कोटासकट. मी त्यांच्या ताटात तूप जास्त वाढते. ते माझी तिसरी पोळी अडवतात: "डावीकडे ओढेल."

परवा बाबा चष्मा विसरून काट्यावर उभे राहिले. "किती?"

मी वाकून पाहिलं. एकोणपन्नास म्हणणं फार सोपं होतं.

"सेहेचाळीस," मी म्हणाले.

त्यांनी पायाच्या बोटांकडे पाहिलं, जणू तीन किलो तिथे सांडले असावेत. "मग आर्णीला फोन कर."

कॉलेजचे पेपर तपासायचे पडले होते, पाठ दुखत होती, आणि दुपारच्या एसटीचा नुसता विचारही नको होता. मी फोन लावला.