पहिलं नाव कुणाचं

सेलूच्या मोंढ्यात सांबप्पाचं कांदा-लसणाचं दुकान होतं, पण लोक त्याला ओळखत ते आवाजावरून. तो बोलला की रेल्वे फाटकापर्यंत ऐकू जाई. याच आवाजाने त्याचा घात केला होता, आणि घात विसरणाऱ्यांतला तो नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांची सिनेमाची गाडी सेलूला आली. पडद्यावरचं युद्ध भोंग्यातून मराठीत सांगायला सांबप्पाला रोजाने घेतलं. निजाम आणि इंग्रज दोस्त म्हणवत, पण फत्ते सांगताना पहिलं नाव कुणाचं घ्यायचं यावरून त्यांची जुंपली. गोरा साहेब म्हणे, गाडी आमची, आधी आमचा बादशहा. निजामाचा अंमलदार म्हणे, मुलूख आमचा, आधी हुजूर. अंमलदाराच्या हाताखालच्या माणिकराव कारकुनाने सांबप्पाच्या कानात तोड सांगितली: नुसतं 'सरकार' म्हण, दोघंही आपापलं समजतील.

सांबप्पाने सरकारची फत्ते झाल्याचं सांगितलं. गर्दीतून कुणीतरी विचारलं, कोणतं सरकार? सांबप्पा गडबडला आणि भोंग्यातच बोलून गेला, "ज्याची गाडी त्याचं."

बाजार खदखदून हसला. अंमलदार तापला. कातडी वाचवायला माणिकरावाने पायातला जोडा काढून सांबप्पाच्या तोंडावर हाणला, वर त्यालाच फितूर ठरवलं. सांबप्पा सहा महिने तुरुंगात सडला. त्याच काळात त्याचा बाप गेला.

पुढे, विद्यापीठाच्या नामांतराच्या धामधुमीत, एका मराठवाडा मुक्तिदिनाला गावाने सत्कार ठरवला तो माणिकरावाचा! भोंग्यावरून निजामाची टर उडवणारा वीर म्हणे. पाहणारे बहुतेक मसणात गेले होते, त्यामुळे थाप पचली. वाक्य सांबप्पाचं, शिक्षा सांबप्पाची, शाल चोराला. आणि आवाज खणखणीत म्हणून निवेदनाला गावच्या पोरांनी बोलावलं सांबप्पालाच. बायको नीलम्मा म्हणाली, जाऊ द्या, म्हातारा झालाय तो. सांबप्पाने स्वच्छ धोतर नेसलं.

माणिकरावाच्या अंगावर शाल पडू दिली, मग माईक हातात घेऊन सांबप्पाने सगळं सांगितलं. आवाज जराही हलला नाही. माणिकराव पांढराफटक पडला. उठून त्याने आपला हार सांबप्पाच्या गळ्यात घालायला हात पुढे केले. झालं गेलं विसरू म्हणाला. लोक टाळ्या पिटू लागले. फुकटचा समेट लोकांना लय आवडतो.

सांबप्पाने त्याचे हात धरले.

"माझ्या बापाला माती द्यायला मला सोडलं न्हाई," तो माईकवरच म्हणाला. "मी माफ करीत न्हाई. शाल ठिवा आन् खाली उतरा."

टाळ्या थांबल्या. माणिकराव कठड्याला धरून एकेक पायरी उतरला. कुणी हात दिला नाही. सांबप्पाला त्याची दया आली नाही. बरं वाटलं, फार बरं वाटलं. घरी जाऊन त्याने नीलम्माला आणखी एक भाकरी मागितली.