देवाची मूठ

लिहिण्याइतकं मला काही कळतं असं नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, तेव्हा चूकभूल पोटात घाला. पण आज सकाळी खोलीवर भात लावताना मी माझ्याच हाताकडे पाहून दचकलो. घेतलेल्या तांदळातली एक मूठ त्याने वेगळ्या वाटीत काढून ठेवली होती. मला न विचारता!

गावी आई रोज अशी देवाची मूठ काढते. काढताना कुणाचं तरी नाव घेऊन प्रार्थना करते आणि साठलेले तांदूळ रविवारी चर्चमध्ये नेऊन देते. मी चिडवायचो, "आई, प्रभूला रेशन पुरत नाही का गं?"

"त्याच्यासाठी न्हाई रे, माझ्या हातासाठी. न्हाईतर नुसतं घ्यायलाच शिकंल तो."

जगण्याचा अर्थ शोधायला मी किती जाड पुस्तकं उघडली! आणि तो माझ्या नकळत माझ्याच बोटांत येऊन बसला होता? मुठीला नाव हवं, म्हणून मी आईचं घेतलं.

तेवढ्यात माझ्या बहिणीचा, रूथताईचा, फोन आला. "काल तुझी परीक्षा संपली, म्हणून आता सांगते. आईची उजवी बाजू लुळी पडलीय. महिना झाला."

माझ्या तोंडून भलतंच निघालं, "मग मूठ कोण काढतं?"

"तीच. डाव्या हातानं. निम्मे तांदूळ सांडतात, पण आम्हाला हात लावू देत नाही. म्हणते, ही लेकराच्या परीक्षेची मूठ आहे."