गढी खाल्ली कुणी

आमच्या गावची गढी कुणी बांधली, हे मोबाईलमध्ये बघून सांगणारे आता लई झालेत. मी शाळेत टिकलो नाही, पण माझ्या घराची मागची भिंत म्हणजे गढीचाच तट. त्याच्या आडोशाला वाढलो, तेवढं शिक्षण मला पुरे.

पहिल्या मालकाने बांधताना पडक्या देवळाचे दगड आणले. कोरलेली फुलं उलटी बसली, देठ वर अन् पाकळ्या खाली. कुणाला फिकीर नव्हती. पुढच्याने त्यावर विटा चढवून बंदुकीला भोकं ठेवली. शेवटच्याला तेवढीही ऐपत नव्हती, त्याने नुसती पांढरी माती थापली. मालक जसा पोकळ होत गेला तशी भिंत.

यंदा सरपंचाने गढी नवी करायचं काढलं आणि माझं घर अतिक्रमणात धरलं. ग्रामसभेत माईक धरून म्हणाला, "शत्रूच्या तोफांनी आपला तट ढासळला!"

मी उठलो. "कसली तोफ रं? तुझ्या आज्याची कुदळ अन् पाटी! पावसाळ्याआधी सगळं गाव धाब्याच्या घरांवर टाकायला गढीची पांढरी माती खणून न्यायचं. तट तुमच्या छपरावर गेला."

"आबा, तुमी न्हाई नेली व्हय?" सरपंच म्हणाला.

"नेली की! दिवसाढवळ्या नेली, विटा बी नेल्या. पर मी नेऊन गप हाय, तू नेऊन भाषण ठोकतो."

सभा हसली. माझ्या पोराने धोतराचा सोगा ओढला. "दादा, बसा खाली. बदली प्लॉट देत्यात, घेऊ." त्याला मातीच्या घराची लाज वाटते.

मी बसलो नाही. "गढीचं गढीला द्यायचं ना? मग आधी सरपंचाचा उंबरा उपटा, मग एकेकाचं जोतं, शेवटी माझी भिंत."

जो तो आपल्या घराचा पाया आठवायला लागला. मागून एक बाई ओरडली, "अगं बया, आमची न्हाणी बी तिथल्याच दगडाची हाय!"

लगेच नळाच्या पाण्याचा विषय निघाला. माझ्या घराचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. पलीकडच्या अंगाला सिमेंट थापून, गेरू फासून त्यांनी गढी नवी केली. लग्नाआधीचे फोटो काढायला बरी.

पोराने रुसून रस्त्याकडेला स्लॅबचं घर घातलं. जाताना म्हणाला, "दादा, इथं एकटे पडाल."

म्हटलं, "पडंन. उन्हाळ्यात तुझा स्लॅब तापला की ये झोपायला."



अजून आला नाही. हट्टी आहे. माझाच आहे.