सभागृहाची किल्ली

आमच्या बेटावरची नर्स काढून घ्यायची आणि आठवड्यातून दोनदा बोटीनं दुसरी पाठवायची, असं एडिंबराच्या सरकारनं ठरवलं, तेव्हा मर्डिनामावशीनं आपला माग थांबवला. सदुसष्ट वर्षांची विणकर बाई. गेल्या हिवाळ्यात वादळानं बोटी चार दिवस बंद होत्या. तेव्हा आजारी पडलेल्या तिच्या नवऱ्याला, इयनला, याच नर्सनं जगवलं होतं. मावशीनं घरोघर फिरून सह्या घेतल्या, स्कॉटलंडच्या संसदेकडे अर्ज केला आणि समितीनं तिला साक्षीला बोलावलं.

कागद वाचायचं काम माझं. शाळेनं मला फारसं शिकवलं नाही, पण सरकारी अहवाल कुठून सोलायचा ते मला कळतं. एकेचाळिसाव्या पानावर सापडलं: बेटाच्या सभागृहात जाहीर सभा ठेवली, एकही माणूस आला नाही, म्हणजे विरोध नाही. तारीख ताडून पाहिली, तर पवित्र भोजनाच्या आठवड्यातला गुरुवार. त्या दिवशी आमच्याकडे उपवास. दुकान बंद, माग बंद, अख्खं बेट चर्चमध्ये.

समितीच्या दारापर्यंत मी तिला हेच पढवत होतो. ती ऐकेना. देवाचा दिवस पुढाऱ्यांच्या टेबलावर मांडणार नाही म्हणाली. माझं डोकं फिरलं. मग इयनला काय सांगशील, असं विचारलं, तर ती पर्स काखेत मारून पुढं चालू लागली.

मला मागं, लोकांच्या बाकावर बसवलं. तिथून तोंड उघडलं की बाहेर काढतात.

आधी सरकारी अधिकाऱ्याची पाळी. एका सदस्यानं खर्चावरून त्याला धरलं: वादळात रद्द होणाऱ्या फेऱ्या, हेलिकॉप्टरनं न्यावे लागणारे रोगी, हे बचतीच्या हिशोबात धरलंय का? तपासून कळवतो, म्हणाला. पण सभेचं निघालं तसा त्याला जोर आला. लोकांना काळजी असती तर एक तरी आला असता ना?

समितीच्या अध्यक्षबाईंनी मावशीकडे पाहिलं. मी बाकाची कड घट्ट धरली.

मावशीनं पर्स उघडली, एक जाड लोखंडी किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"सभागृहाची एवढी एकच किल्ली आहे, आणि एकोणीस वर्षं ती माझ्याकडे आहे," ती अधिकाऱ्याला म्हणाली. "त्या दिवशी ती कुणी मागितली नाही. दार कुणी उघडलं, साहेब?"

तो कागद चाळू लागला. शेजारच्या बाईनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. शेवटी म्हणाला, दार बंद होतं; आमची माणसं वीस मिनिटं बाहेर थांबून परत आली.

"आणि तुम्ही कुठं होतात, बाई?" अध्यक्षबाईंनी हळूच विचारलं.

मावशीनं मान खाली घातली. "देवापुढं. सगळे जण."

त्यापुढं कुणी तिला काही विचारलं नाही. आरोग्यमंत्र्यांनी स्वतः समितीपुढं यावं आणि तोवर निर्णय थांबवावा, असं लिहायचं ठरलं. समितीला हुकूम सोडता येत नाही, पण असलं पत्र उघड असतं, ते दाबून टाकणं मंत्र्याला अवघड जातं.

बाहेर आल्यावर मी बोलायला तोंड उघडलं, तोच ती म्हणाली, "टॉर्मोड, गप बस. जेवढं बोलले तेवढंच जास्त झालं."

महिन्याभरात मंत्र्याच्या कचेरीतून तिला फोन आला: सभा पुन्हा घ्यायची आहे, कुठला दिवस चालेल? मंगळवारी तिनं स्वतः दार उघडलं. खुर्च्या पुरल्या नाहीत. इयन पुढच्या रांगेत होता, नर्सच्या शेजारी.

पुढं काय होईल ते मंत्री जाणे. नर्स अजून बेटावरच आहे.